फिरतंय तर खरं!

आमच्या फायनल इयर प्रोजेक्टचं ॲनिमेशन अठरा सेकंदांचं होतं. त्या अठरा सेकंदांपायी दोन रात्री जागलो, कॅन्टीनवाल्याची उधारी वाढली आणि अण्णांचे सहा हजार रुपये पाण्यात गेले. पैकी रात्रींचं काही विशेष नाही, मेकॅनिकलच्या पोराला त्या फुकटच मिळतात. पैशांचं मात्र अजून मनात आहे, म्हणून हा लेख.

अण्णा म्हणजे माझ्या रूम-पार्टनरचे वडील. कोल्हापूरजवळच्या त्यांच्या गावात रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा लेथ आहे. जुना विलायती लेथ, कोणीतरी वापरून विकलेला, अण्णांनी तिसऱ्या हाताने घेतलेला. गिअर-बॉक्स वगैरे भानगड नाही. वरून पट्टा येतो तो पायऱ्यांच्या पुलीवर, म्हणजे कोन पुलीवर. पट्टा ज्या पायरीवर टाकाल तसा वेग. त्याहून कमी वेग हवा असेल तर बॅक गिअर लावायचा.

आता कॉम्प्युटर आणि आयटीच्या मंडळींनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण गाळू नये अशी विनंती, कारण पुढची सगळी गंमत ह्याच्यावर आहे. कोन पुलीला जोडलेला एक छोटा गिअर असतो, आमच्या लेथला २० दात्यांचा. तो मागच्या शाफ्टवरच्या ६० दात्यांच्या गिअरला फिरवतो. त्याच मागच्या शाफ्टवर दुसऱ्या टोकाला पुन्हा एक २० दात्यांचा गिअर, आणि तो स्पिंडलवरच्या ६० दात्यांच्या बुल गिअरला फिरवतो. म्हणजे एकदा तिसरा हिस्सा, पुन्हा तिसरा हिस्सा. पुलीचे नऊ फेरे झाले की स्पिंडलचा एक. वेग नववा हिस्सा आणि ताकद जवळजवळ नऊपट. मोठ्या व्यासाचं काम, आटे पाडायचं काम ह्याच्यावरच होतं. लावायची पद्धत अशी, की मशिन बंद करायचं, बुल गिअरला पुलीशी बांधणारी खीळ काढायची आणि मागचा दांडा ओढायचा. मागचा शाफ्ट एक्सेंट्रिकवर बसवलेला असतो, दांडा ओढला की तो पुढे येतो आणि खुंटीला टेकतो. दाते दात्यांत बसतात.

मशिन बंद करायचं, हे पुन्हा लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पार्टनर होस्टेलवर आला तो तोंड पाडूनच. मागच्या शाफ्टवरच्या साठवाल्या गिअरचे चार दाते तुटले होते. बिडाचा गिअर, दाते मेणाचे असावेत तसे मोडले होते. "आपोआप तुटला. जुनाच होता," पार्टनर म्हणाला. बारीकसारीक कामं बॅक गिअरशिवाय चालत होती, पण आट्यांची कामं गिऱ्हाईक आल्या पावली परत नेत होतं. ह्या मॉडेलचा स्पेअर मिळण्याची वेळ कधीच निघून गेली होती. आम्हाला प्रोजेक्टचा विषय सापडत नव्हता. दोन दुःखांची बेरीज करून आम्ही सरांना टायटल दिलं: जुन्या लेथच्या बॅक गिअरचं रिव्हर्स इंजिनीअरिंग. सर म्हणाले, "टायटल चांगलं आहे. ॲनिमेशन पाहिजे हं. एक्स्टर्नलना ॲनिमेशन आवडतं."

एका रविवारी जाऊन मापं घेतली. दोन्ही गिअर झिजलेले होते, म्हणून जोडीच नवी करायची ठरली. नाहीतर जुना छोटा गिअर नव्या मोठ्याला खाणार. व्हर्निअर होतं. छोट्या गिअरचा बाहेरचा व्यास ६९.८ मिलिमीटर भरला. सेकंड इयरपासून पाठ असलेलं सूत्र काढलं. बाहेरचा व्यास म्हणजे मोड्यूल गुणिले दाते अधिक दोन. ६९.८ भागिले २२. उत्तर ३.१७.

मोड्यूलच्या तक्त्यात ३.१७ नसतं. ३ असतं, ३.५ असतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मी म्हणालो, "झिजलाय रे. शिवाय व्हर्निअर पण अण्णांचं जुनं. तीन धर." ही माझीच अक्कल, नोंद असू द्या. नंतर ह्या वाक्यावरून फार ऐकून घ्यावं लागलं.

दोन शाफ्टमधलं अंतरही मोजलं. दांडा ओढून, शाफ्ट खुंटीला टेकवून, १२७ भरलं. आता मोड्यूल ३ आणि दाते २० अधिक ६० असले तर सेंटर येतं १२०. सात मिलिमीटरचा फरक! इथे तरी थांबायला हवं होतं. पण इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत एक गोष्ट पक्की शिकतो, ती म्हणजे उत्तर जुळलं नाही की कारण शोधायचं, चूक नाही. कारण तयार होतं. एक्सेंट्रिक आहे, दांडा नीट बसला नसेल, नवीन गिअर बसले की जुळेल. शिवाय सरांनी शिकवलेलं होतंच, की दाते इन्व्होल्यूटचे असले तर सेंटर थोडं हललं तरी गतीचं प्रमाण बदलत नाही. ते खरंही आहे. ऑयलरने अठराव्या शतकात गिअरसाठी हा आकार सुचवला त्यामागचं हे एक मोठं सुख आहे. वर्तुळाला गुंडाळलेला दोरा ताणून उलगडत गेलं की त्याचं टोक जी रेघ काढतं, ती इन्व्होल्यूट. असे दोन दाते एकमेकांवरून सरकताना स्पर्शाचा बिंदू नेहमी एकाच सरळ रेषेवरून चालतो. दोन वर्तुळं लांब गेली तर ती रेषा जरा तिरपी होते, गुणोत्तर तेच. फक्त ह्या सगळ्याला एक अट असते. दाते एकमेकांना लागले पाहिजेत.

आता ॲनिमेशन. हेडस्टॉक आधीच मॉडेल करून झाला होता, त्यात सेंटर १२७च ठेवलं, कारण मोजलेलं होतं. गिअरचा एक दाता काढला आणि सर्क्युलर पॅटर्नमध्ये ६० टाकले. टिचकी मारायच्या आत साठ दाते. मग असेंब्ली. इथे जे लोक पहिल्यांदा गिअर फिरवतात त्यांची एक गोड समजूत असते, की छोटा गिअर मोठ्या गिअरला दात्यांनी ढकलतो. तसं काही नसतं. सॉफ्टवेअरला आपण 'गिअर मेट' सांगतो: ही एक अक्षरेषा, ही दुसरी, प्रमाण एकास तीन, दिशा उलट. बस्स. पहिला तीन अंश फिरला की दुसरा एक अंश फिरतो. दात्यांच्या जागी दोन सपाट तबकड्या ठेवा, तरी फिरतील. एक पुण्यात आणि एक कोल्हापुरात ठेवा, तरी फिरतील. दाते एकमेकांच्या पोटातून आरपार गेले तरी तक्रार नाही. खरोखर दात्याने दात्याला ढकलायला लावायचं तर कॉन्टॅक्ट लावून मोशन ॲनालिसिस करावं लागतं, आणि आमच्या लॅबच्या मशिनवर ते लावलं की पंखा विमानासारखा वाजायचा. म्हणून मेट.

दाते एकमेकांत घुसत नाहीत ना हे बघायला इंटरफिअरन्स चेक मारला. उत्तर आलं शून्य. आम्ही टाळी दिली. (मोड्यूल ३ च्या दात्याचा माथा पिच वर्तुळाबाहेर ३ मिलिमीटर. दोघांचे मिळून ६. १२० अधिक ६ म्हणजे १२६. सेंटर १२७. दोघांच्या मध्ये एक मिलिमीटर मोकळी हवा होती. शून्य येणार नाही तर काय!) पण कॅमेरा तिरका लावलेला, वर गार्डची सावली, आणि एवढ्या मोठ्या हेडस्टॉकमध्ये एक मिलिमीटर कोणाला दिसतो?

मग मोटर लावली. खऱ्या लेथवर त्या पायरीला पुली मिनिटाला सव्वादोनशे फेरे घेते. एवढ्यात काही दिसणार नाही म्हणून तिसरा हिस्सा केला, ७५. सेकंदाला २५ फ्रेम, अठरा सेकंद, साडेचारशे फ्रेम. रेंडरला लावून मेसवर गेलो. येऊन बघतो तर पहिली जोडी ठप्प. कोन पुलीचा गिअर हलत नाही, त्याला लागलेला साठवाला हलत नाही. आणि त्याच शाफ्टवरचा दुसरा छोटा गिअर मात्र आरामात फिरतोय, बुल गिअरला फिरवतोय! शाफ्ट एक, एक टोक झोपलेलं, एक टोक कामावर. एखाद्या सरकारी कचेरीचं ॲनिमेशन म्हणून खपलं असतं.

माउसने ओढलं की सगळं नीट फिरायचं. व्हिडिओत ठप्प. मेट काढून पुन्हा लावले. पुन्हा रेंडर. ठप्प. वेग ७० केला, तर पहिली जोडी हळूहळू उलटी फिरू लागली. दिशा बदलायची खूण केली, तर तीही उलट होऊन पुन्हा चुकीचीच. ९० केला तर सरळ, पण गोगलगायीच्या गतीने. वेग वाढवल्यावर गिअर हळू फिरतो, असं कोणत्या पुस्तकात आहे?

रात्री साडेतीनला तिसरं रेंडर चालू असताना पार्टनर स्क्रीनकडे बघत म्हणाला, "तो आपोआप नाही तुटला."

मी काही बोललो नाही.

"अण्णा जेवायला गेलेले. मी मशिन बंद न करताच दांडा ओढला. पट्टा बदलायचा कंटाळा आला होता." थोड्या वेळाने म्हणाला, "त्यांना सांगितलेलं नाही."

रेंडर संपलं. ते पण उलटंच फिरत होतं.

ह्या कोड्याचं उत्तर आम्हाला मेकॅनिकलच्या कोणी दिलं नाही. सकाळी कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडून बसलो होतो, तर ई अँड टीसीची आमची एक वर्गभगिनी (शब्द जुना आहे, पण मासिकात शोभतो) चहा घेऊन मागे उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, हे तर अलायझिंग. सॅम्पलिंग कमी पडतंय तुमचं." मग तिने टिश्यू पेपरवर हिशोब मांडला. मिनिटाला ७५ फेरे म्हणजे सेकंदाला ४५० अंश. २५ फ्रेम म्हणजे फ्रेमला १८ अंश. आणि २० दात्यांच्या गिअरला दोन दात्यांमधलं अंतर किती? ३६० भागिले २०, म्हणजे १८! दर फ्रेमला प्रत्येक दाता बरोबर शेजाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो. दाते सगळे सारखे, डोळ्याला वाटतं कोणी हललंच नाही. मोठा गिअर फ्रेमला ६ अंश, त्याच्या दात्यांमधलं अंतरही ६ अंश, म्हणून तोही ठप्प. एकमेकांत गुंतलेल्या गिअरचे दाते सारख्याच संख्येने पुढे सरकतात, तेव्हा एक गोठला की जोडीदारही गोठणारच. मागच्या शाफ्टवरचा दुसरा छोटा गिअर मात्र फ्रेमला ६ अंश जातो आणि त्याच्या दात्यांत अंतर १८, म्हणून तो हलताना दिसतो. ७० वर फ्रेमला १६.८ अंश, म्हणजे शेजाऱ्याच्या जागेला १.२ अंश कमी पडले, की तेवढा मागे गेल्यासारखा. सिनेमात टांग्याची चाकं उलटी फिरतात तसं. नियम सोपा: एका फ्रेममध्ये अर्ध्या दात्यापेक्षा कमी सरकलं पाहिजे. आमच्या छोट्या गिअरसाठी ती मर्यादा साडेसदतीस फेऱ्यांची.

"आणि एका दात्याला लाल रंग द्या," ती जाताना म्हणाली. "म्हणजे कुठला दाता कुठे चाललाय ते कळेल." चहाचे पैसे आम्ही दिले. मेकॅनिकलच्या इतिहासात ही घटना लिहून ठेवायला हरकत नाही.

१५ फेरे ठेवले, एक दाता लाल केला. असं सुंदर फिरलं म्हणता! आम्ही ते होस्टेलभर दाखवलं.

आणि तेच ॲनिमेशन घेऊन आम्ही उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरचं उद्यमनगर ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. एका गल्लीत ओतकाम, पुढच्या गल्लीत टर्निंग, त्याच्या पुढे दाते पाडणारे. अण्णांनी सहा हजार पार्टनरच्या हातात दिले होते. "तुम्ही शिकल्याली पोरं, तुम्हीच बघा," एवढंच म्हणाले. दाते पाडणाऱ्या काकांनी ड्रॉइंग बघितलं, विचारलं, "जुना पीस आणलाय?" आणला नव्हता. "माप खात्रीचं हाय न्हवं?" पार्टनरने उत्तर देण्याऐवजी लॅपटॉप उघडला. काकांनी चष्मा वर करून अठरा सेकंद बघितलं. लाल दाता गरगर आला, गेला, पुन्हा आला.

"फिरतंय तर खरं," काका म्हणाले आणि ब्लँक टर्निंगला पाठवले.

आठवड्याने गिअर मिळाले. नवेकोरे, तेलात बुडवलेले. शेडवर नेऊन शाफ्टवर चढवले. अण्णांनी दांडा ओढला, खुंटीला टेकवला आणि हाताने पुली फिरवली. छोटा गिअर फिरला. मोठा ढिम्म. अण्णांनी पुन्हा फिरवली. मग वाकून बघितलं, दोन गिअरच्या मधून पोस्टकार्ड घातलं आणि पलीकडून काढलं.

कोणीच काही बोललं नाही. ॲनिमेशनमध्ये नेमकं हेच होतं. तिथेही ते एकमेकांना लागलेले नव्हतेच, पण तिथे मोठा फिरायचा.

अण्णांनी पोलादी पट्टी घेऊन सेंटर मोजलं. "किती धरल्यालं तुमी?"

"एकशे सत्तावीस आहे अण्णा."

"एकशे सत्तावीस कुठनं? पाच इंच हाय ह्ये."

पाच गुणिले २५.४. तोंडी करून बघा. तीन वर्षं आम्ही कॅल्क्युलेटर बाळगत होतो.

अण्णांनी जुना छोटा गिअर काढला, माझ्या हातात दिला. मी माझा हिशोब सांगितला, ३.१७ आलं, झिजलेला असल्यामुळे तीन धरलं. अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "काय रं," ते म्हणाले, "झिजल्याली वस्तू मोठी हुती व्हय?"

ह्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. झिजलेला गिअर मोड्यूल तीनचा असता तर व्यास ६६ किंवा त्याहून कमी भरला असता. ६९.८ भरूच शकत नव्हता.

मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला एक मोठा, पातळ गिअर टांगलेला होता, त्याच्यावर धुळीचा थर. "त्येला दाते किती?" पार्टनरला लहानपणापासून माहीत होतं. एकशे सत्तावीस. ह्या लेथचा लीड स्क्रू इंचाचा. त्याच्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर गिअरच्या माळेत कुठेतरी १२७ दात्यांचा गिअर घालावाच लागतो, कारण १२७ मूळ संख्या आहे आणि इंचाची मिलिमीटरशी पूर्णांकात गाठ पडते ती तिथेच. आपल्याकडे वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा. पण लेथ कायदे वाचत नाही. तो इंचातच जन्मला आणि इंचातच म्हातारा झाला. त्याच्या गिअरना मोड्यूल नसतोच, त्यांना डीपी असतो, डायमेट्रल पिच. पिच व्यासाच्या दर इंचाला किती दाते, तो आकडा. आमचा गिअर आठ डीपीचा. २० अधिक २ भागिले ८, म्हणजे पावणेतीन इंच, म्हणजे ६९.८५ मिलिमीटर. सेंटर २० अधिक ६० भागिले १६, म्हणजे पाच इंच. सगळं काट्यावर जुळत होतं. व्हर्निअर जुनं होतं, पण चोख होतं. आठ डीपी मोड्यूलमध्ये सांगायचा तर ३.१७५. आम्हाला ३.१७ मिळालं होतं! उत्तर हातात आलं होतं आणि आम्ही ते तक्त्यात नाही म्हणून टाकून दिलं.

डीपी आम्हाला शिकवला नव्हता असं नाही. एका ओळीत होता. मार्कांना नव्हता.

पैसे परत मागायला तोंड नव्हतं. काकांनी ड्रॉइंगप्रमाणे अचूक काम केलं होतं. अण्णा एक अक्षर रागावले नाहीत, आणि ते जास्त जड गेलं. पुढचे तीन आठवडे आट्यांची कामं परत जातच राहिली.

शेवटी अण्णांच्या ओळखीच्या एका मिलिंगवाल्याकडे आठ डीपीचे कटर निघाले. साडेचौदा अंशाचे, जुन्या पद्धतीचे. साठ दात्यांना दोन नंबरचा कटर, वीसला सहा नंबरचा. त्याने मशिन रविवारचं दिलं, म्हणाला दाते तुमचे तुम्ही पाडा. ब्लँक अण्णांनी त्याच लेथवर तासले.

डिव्हायडिंग हेडचा दांडा चाळीस वेळा फिरवला की गिअर एक फेरा घेतो. साठ दाते पाडायचे तर दर दात्याला दोन तृतीयांश फेरा. म्हणजे १८ भोकांच्या वर्तुळावर १२ भोकं. पार्टनर दांडा फिरवायचा, मी मोजायचो, अण्णा टेबल पुढे-मागे करायचे. बारा भोकं, काट. बारा भोकं, काट. सॉफ्टवेअरमध्ये साठ लिहून एंटर मारलं होतं, इथे साठ दाते म्हणजे साठ वेळा बिडाचा काळा भुगा नाकात. एकदाच एका भोकाने चुकलं तर ब्लँक गेला. तेहतीस-चौतिसाच्या आसपास मोजताना माझी जीभ अडखळली. अण्णांनी मशिन थांबवलं, "पानी पी," म्हणाले, आणि स्वतः भोकं मोजून खात्री केली.

शेवटचे पाच-सहा दाते राहिले होते तेव्हा, टेबलाकडेच बघत, ते पार्टनरला म्हणाले, "चालू मशिनवर दांडा वडल्याबिगर दाता असा तुटत न्हाय."

पार्टनरचा हात दांड्यावर थांबला.

"किती झाली?" अण्णांनी मला विचारलं.

"सात," मी म्हणालो.

"मग पाच ऱ्हायल्यात. फिरव."

गिअर बसले. दांडा ओढला, पुली हाताने फिरवली, मोठा गिअर असा मऊ आला की अण्णांनी नुसती मान हलवली. पट्टा चढवला. त्या दिवशी संध्याकाळीच आट्यांचं एक काम झालं.

व्हायवाचं फार सांगण्यासारखं नाही. एक्स्टर्नलना ॲनिमेशन आवडलं. टेबलावर आम्ही मोड्यूल तीनचे ते दोन बिनकामाचे गिअरही ठेवले होते. त्यांनी विचारलं हे काय, तर सांगितलं. ते हसले आणि पुढचा प्रश्न थेट डीपीवर विचारला. तो आला.

मग मे महिन्यात पार्टनरकडे गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर अण्णा म्हणाले, "त्ये फिरवायचं दाव की पुन्यांदा." आता त्यात सेंटर, दाते, सगळं बरोबर केलेलं होतं. गिअर गोठल्याची कथाही सांगितली. वाटलं चकित होतील. ते म्हणाले, चोकच्या ट्यूबलाइटखाली लेथचंही तसंच होतं. आपली वीज पन्नास हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा मिणमिणते. सेकंदाला शंभर दाते समोरून गेले, म्हणजे वीस दात्यांचा गिअर मिनिटाला तीनशेने फिरला, की तो उभा असल्यासारखा वाटतो आणि माणूस हात घालतो. म्हणून त्यांनी हेडस्टॉकवर तारेचा पिवळा बल्ब टांगलाय. तार तापलेलीच राहते, ती तेवढी मिणमिणत नाही. हिशोब मी नंतर केला, बल्ब मात्र त्यांनी कधीचाच लावलेला होता.

अण्णांनी ते अठरा सेकंद तीन-चारदा बघितले. मग बोट स्क्रीनला टेकवून म्हणाले, "ह्यो लाल दाता मोठ्याच्या कुठल्या खाचंत पडतोय, ती खाच रंगीव बघू." पार्टनरने पिवळी केली. पुढचा फेरा, दुसरी खाच पिवळी. तिसरा फेरा, तिसरी. चौथ्या फेऱ्याला लाल दाता पुन्हा पहिल्या पिवळ्या खाचेत. साठ खाचांपैकी त्याच तीन. किती का फिरवा, चौथी पिवळी होईना. वीस त्रिक साठ, होणारच कशी? मोठ्याला एकसष्ट दाते असते तर लाल दाता फिरत फिरत सगळ्यांना भेटला असता, पण मग सेंटर पाच इंचांत बसलं नसतं.

अण्णा उठले, शेडमध्ये जाऊन जुना तुटका गिअर आणि त्याचा छोटा जोडीदार घेऊन आले. छोट्याच्या एका दात्याला टवका होता, जुना, कडा गुळगुळीत झालेल्या. मोठ्यावर त्यांनी अंगठा फिरवला, एका खाचेशी थांबले. तिथे बाजूच्या दात्याला घासल्याची चकचकीत खूण होती. तिथून त्यांनी अंगठ्याने मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन... मधे तुटलेले चार आले, ते अंदाजाने धरले. विसाव्या खाचेत तीच खूण होती. चाळिसाव्यातही.

"लाव पुन्यांदा," अण्णा म्हणाले. पार्टनरने लावलं.